परदेशातील अध्ययन आणि राजकीय उमेदवारी

भंडारा जिल्ह्याच्या राजकीय इतिहासात १९५४ सालच्या लोकसभा पोटनिवडणुकीला वेगळे स्थान आहे. त्या वेळी हा जिल्हा जुन्या मध्य प्रदेश राज्यात होता. मतदारसंघ द्विसदस्यीय होता, म्हणजे एक जागा सर्वसाधारण व एक राखीव, आणि प्रत्येक मतदाराला दोन मते. सर्वसाधारण जागेवर प्रजासमाजवादी पक्षाचे अशोक मेहता निवडून आले. राखीव जागेवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे होते. त्यांचा पराभव झाला आणि ती जागा काँग्रेसकडे गेली. भारतीय संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्ष मते मागण्यासाठी वैनगंगेच्या खोऱ्यात आले होते, ही आठवण जिल्ह्यातील जुन्या घरांतून आजही सांगितली जाते.

आपल्या भाषेत ‘उमेदवारी’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. निवडणुकीला उभे राहणे हा एक, आणि एखाद्या जाणत्या माणसाच्या हाताखाली राहून काम शिकणे हा दुसरा. वकिलाकडे, छापखान्यात, सुतारशाळेत पूर्वी जी उमेदवारी करीत, तिलाच आता ‘इंटर्नशिप’ म्हणतात. परदेशी विद्यापीठात शिकत असताना एखाद्या लोकप्रतिनिधीच्या कार्यालयात, विधिमंडळात, राजकीय पक्षात किंवा लोकहिताच्या संस्थेत अशी उमेदवारी करण्याची संधी आज अनेक विद्यार्थ्यांपुढे येते. शासकीय शिष्यवृत्तीमुळे ग्रामीण भागातील, घराण्यात प्रथमच शिकणारी मुलेमुलीही आता परदेशी जाऊ लागली आहेत. म्हणून वर्ग आणि राजकीय काम यांची सांगड कशी घालावी हा प्रश्न आता महानगरांपुरता राहिलेला नाही. तो साकोलीच्या शिक्षकाला आणि पवनीच्या सरपंचालाही विचारला जाऊ शकतो. या प्रश्नाचा विचार करताना डॉ. आंबेडकरांच्या विद्यार्थिदशेइतके उपयुक्त उदाहरण दुसरे सापडणे कठीण आहे.

प्रश्नाचे स्वरूप

प्रथम वेळेचा हिशेब पाहू. अमेरिकेत परदेशी विद्यार्थ्याने पदवीपूर्व वर्गात पूर्णवेळ शिकायचे म्हणजे सामान्यतः प्रत्येक सत्रात किमान १२ श्रेयांकांचे विषय घ्यावे लागतात. एका श्रेयांकामागे आठवड्याला एक तास वर्ग व सुमारे दोन तास स्वाध्याय असे गणित धरले जाते. म्हणजे अभ्यासाचे ३६ तास झाले. त्यावर आठवड्याला २० तासांची उमेदवारी स्वीकारली, तर बेरीज ५६ तासांवर जाते. सहा दिवसांत वाटल्यास रोजचे नऊ तासांहून अधिक. स्वयंपाक, कपडे, प्रवास, आजारपण आणि घरची आठवण यांचे तास या बेरजेत धरलेलेच नाहीत. परीक्षेच्या आठवड्यात हा हिशेब कोलमडतो, कारण नेमक्या त्याच आठवड्यात विधिमंडळाचे अधिवेशन किंवा निवडणुकीचा प्रचारही रंगात आलेला असू शकतो.

परंतु अडचण केवळ तासांची नाही. राजकीय कामाला एक विलक्षण ओढ असते. ग्रंथालयात वाचलेल्या पानाचे फळ दहा वर्षांनी मिळते, सभेत केलेल्या भाषणाला मात्र टाळी लगेच मिळते. शिवाय ज्या समाजातून विद्यार्थी आलेला असतो त्याचे दुःख खरे आणि तातडीचे असते. ‘लोक तिकडे हालअपेष्टा सोसत असताना मी येथे जुन्या अर्थसंकल्पांचे आकडे काय उतरवीत बसलो आहे?’ असा प्रश्न संवेदनशील विद्यार्थ्याच्या मनात उठल्यावाचून राहत नाही. हा प्रश्न आळशीपणातून आलेला नसतो आणि म्हणूनच ‘आधी अभ्यास, मग बाकी सारे’ एवढ्या उपदेशाने तो सुटत नाही.

दोन पूर्वसूरी

महाराष्ट्रातून परदेशी गेलेल्या विद्यार्थ्यांनी या प्रश्नाला निरनिराळी उत्तरे दिली आहेत. पारनेरचे पांडुरंग महादेव बापट १९०४ मध्ये मंगळदास नथुभाई शिष्यवृत्ती घेऊन यांत्रिकी अभियांत्रिकी शिकण्यासाठी एडिंबरो येथे गेले. तेथे त्यांनी भारतातील ब्रिटिश सत्तेवर परखड टीका करणारे व्याख्यान दिले आणि परिणामी त्यांची शिष्यवृत्ती बंद झाली. शिक्षण मध्येच राहिले. पुढे १९२१ पासून मुळशीच्या शेतकऱ्यांच्या सत्याग्रहाचे नेतृत्व केल्यावर ते ‘सेनापती बापट’ म्हणून सर्वतोमुखी झाले.

विनायक दामोदर सावरकर १९०६ मध्ये पंडित श्यामजी कृष्णवर्मा यांची शिष्यवृत्ती घेऊन लंडनला गेले आणि ग्रेज इन या संस्थेत कायद्याचा अभ्यास करू लागले. त्यांचे वास्तव्य असलेले ‘इंडिया हाऊस’ क्रांतिकारकांचे केंद्र बनले. १९०९ मध्ये ते अंतिम परीक्षा उत्तीर्ण झाले, तथापि राजकीय कारणास्तव ग्रेज इनने त्यांना बॅरिस्टर म्हणून प्रविष्ट करून घेतले नाही. मार्च १९१० मध्ये लंडन येथे त्यांना अटक झाली.

या दोघांनी राजकारणाची निवड जाणूनबुजून केली होती आणि तिची किंमतही मोजली. त्यांचा निर्णय चूक की बरोबर याचा निवाडा येथे करावयाचा नाही. लक्षात घ्यावयाचे ते इतकेच की, परदेशातील विद्यार्थ्याचे पाऊल कितीही प्रामाणिक असले तरी त्याच्या शिष्यवृत्तीवर, पदवीवर आणि वास्तव्यावर त्याचा परिणाम होऊ शकतो. तो परिणाम पत्करण्यापूर्वी त्याची जाणीव असणे आवश्यक आहे.

न्यूयॉर्क : १९१३ ते १९१६

भीमराव आंबेडकर मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयातून पदवीधर झाले आणि फेब्रुवारी १९१३ मध्ये त्यांचे वडील सुभेदार रामजी निवर्तले. त्याच वर्षी बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी त्यांना अमेरिकेतील उच्च शिक्षणासाठी शिष्यवृत्ती मंजूर केली. दरमहा साडेअकरा पौंड आणि मुदत तीन वर्षांची. करारान्वये शिक्षण संपल्यावर दहा वर्षे बडोदा संस्थानची नोकरी करणे बंधनकारक होते. जुलै १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कला पोहोचले व कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले.

तेथील त्यांच्या अध्ययनाचा आवाका थक्क करणारा आहे. तीन वर्षांत त्यांनी अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४ आणि राज्यशास्त्राचे ३ अभ्यासक्रम घेतले. शिवाय फ्रेंच व जर्मन या भाषांचा प्रत्येकी एक. अर्थशास्त्राचे एडविन सेलिग्मन, तत्त्वज्ञ जॉन ड्यूई, इतिहासकार जेम्स शॉटवेल यांच्यासारखे अध्यापक त्यांना लाभले. १९१५ मध्ये प्राचीन भारतातील व्यापारावरील प्रबंधाने ते एम.ए. झाले. ९ मे १९१६ रोजी प्रा. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातिसंस्थेची उत्पत्ती, घडण व वाढ या विषयावर निबंध वाचला.

याच काळात राजकारणाने त्यांच्या दारावर थाप दिली. लाला लजपतराय १९१४ च्या अखेरीस अमेरिकेत आले व तेथील भारतीय विद्यार्थ्यांना स्वराज्याच्या चळवळीत ओढू लागले. तरुण आंबेडकरांशीही त्यांच्या भेटी झाल्या. चरित्रकारांनी नोंदविल्याप्रमाणे, आंबेडकरांनी चळवळीत सामील होण्यास विनयाने नकार दिला. महाराजांनी ज्या कामासाठी आपणास पाठविले आहे ते प्रथम पुरे करणे हे आपले कर्तव्य आहे, अशी त्यांची भूमिका होती.

हा नकार नीट समजून घेतला पाहिजे. तो राजकारणाविषयीच्या उदासीनतेतून आलेला नव्हता. जातिसंस्थेवरील त्यांचा निबंध हा पुढील आयुष्यातील सर्व कार्याचा पाया ठरला आणि तो वर्गातील स्वाध्याय म्हणूनच लिहिला गेला. ज्या प्रश्नासाठी लढावयाचे, तोच प्रश्न त्यांनी अध्ययनाचा विषय केला. सभामंडपात न जाता त्यांनी आपले राजकीय प्रयोजन वर्गातच आणले. वर्ग आणि राजकारण यांची सांगड घालण्याची ही पहिली रीत होय, आणि तिला वेगळा वेळ काढावा लागत नाही.

मधली तीन वर्षे

१९१६ च्या ऑक्टोबरात आंबेडकर लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये व ग्रेज इनमध्ये दाखल झाले. परंतु शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये त्यांना अभ्यास अर्धवट सोडून परतावे लागले. महायुद्ध सुरू होते, त्यामुळे वेगळ्या जहाजातून पाठविलेले त्यांचे ग्रंथ व सामान पाणबुडीच्या हल्ल्यात समुद्राच्या तळाशी गेले. निघताना त्यांनी एक दूरदर्शीपणा केला होता. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची लेखी मुभा त्यांनी विद्यापीठाकडून मिळविली होती. आज या मुभेचे महत्त्व कोणाच्या ध्यानात येत नाही, पण तो कागद नसता तर पुढील इतिहास निराळा झाला असता.

करारानुसार ते बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले. तेथे अस्पृश्यतेचे जे चटके त्यांना बसले आणि राहावयास जागाही मिळू नये अशी जी अवस्था झाली, ती सर्वश्रुत आहे. मुंबईस परतल्यावर नोव्हेंबर १९१८ पासून ते सिडनेहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. त्यांची राजकीय उमेदवारी खऱ्या अर्थाने या काळात घडली. जानेवारी १९१९ मध्ये मताधिकाराचा विचार करणाऱ्या साउथबरो समितीपुढे त्यांनी साक्ष दिली. ३१ जानेवारी १९२० रोजी राजर्षी शाहू महाराजांच्या साहाय्याने ‘मूकनायक’ हे पाक्षिक सुरू केले. मार्च १९२० मध्ये माणगाव येथील परिषदेचे ते अध्यक्ष होते. त्याच वर्षी मे महिन्याच्या अखेरीस नागपूर येथे शाहू महाराजांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या बहिष्कृतांच्या परिषदेतही त्यांनी भाग घेतला.

अशा रीतीने वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी त्यांच्या हाती वृत्तपत्र होते, पाठीशी लोक होते आणि एका लोकहितदक्ष राजाचा आश्रय होता. दुसऱ्या एखाद्याने येथेच समाधान मानले असते. जुलै १९२० मध्ये त्यांनी मात्र अर्धवट राहिलेले शिक्षण पुरे करण्यासाठी पुन्हा लंडनची वाट धरली. प्राध्यापकीच्या पगारातून शिल्लक टाकलेली रक्कम, शाहू महाराजांचे साहाय्य आणि पारशी मित्र नवल भथेना यांनी दिलेले कर्ज एवढ्या बळावर हा प्रवास झाला.

लंडन : १९२० ते १९२३

या दुसऱ्या खेपेची परिस्थिती पहिलीपेक्षा वेगळी होती. आता ते निव्वळ विद्यार्थी राहिले नव्हते. मागे एक चळवळ होती आणि तिची जबाबदारी अंगावर होती. सकाळी ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात शिरावयाचे, ते बंद होईपर्यंत टिपणे काढावयाची, रात्री खोलीवर पुन्हा वाचन, आणि जेवणाच्या नावाने बहुधा काटकसर, असा त्यांचा दिनक्रम चरित्रकारांनी वर्णिला आहे. अर्थशास्त्राची पदवी आणि बॅरिस्टरी हे दोन्ही अभ्यास एकाच वेळी चालू होते.

त्याचबरोबर भारतमंत्री माँटेग्यू यांची भेट घेऊन त्यांनी अस्पृश्यांची गाऱ्हाणी मांडली. शाहू महाराजांशी पत्रव्यवहार चालू ठेवला. विद्यार्थ्यांच्या मंडळात भारतातील शासनाच्या जबाबदारीविषयी त्यांनी वाचलेल्या निबंधावरून खळबळ उडाल्याचेही नमूद आहे. म्हणजे राजकारण त्यांनी पूर्णपणे दूर ठेवले नाही. परंतु त्याची मर्यादा आखली. जे काम लंडनमध्येच होऊ शकत होते, आणि जे आपल्याशिवाय दुसरा कोणी करणे कठीण होते, तेवढेच त्यांनी पत्करले. वृत्तपत्र चालविणे, परिषदा भरविणे ही कामे मुंबईतील सहकाऱ्यांवर सोपविली.

या व्यवस्थेची फलनिष्पत्ती मोठी होती. जून १९२१ मध्ये ते एम.एस्सी. झाले. जून १९२२ मध्ये बॅरिस्टर झाले. ऑक्टोबर १९२२ मध्ये ‘रुपयाचा प्रश्न’ हा डी.एस्सी.चा प्रबंध त्यांनी सादर केला.

पण किंमतही कमी नव्हती, आणि गौरवपर लेखांतून तिचा उल्लेख बहुधा राहून जातो. संपादकाच्या अनुपस्थितीत ‘मूकनायक’ला उतरती कळा लागली आणि १९२३ पर्यंत ते बंद पडले. मे १९२२ मध्ये शाहू महाराजांचे निधन झाले व मोठा आधार तुटला. जर्मनीतील बॉन विद्यापीठात शिकण्याचा बेत सिद्धीस गेला नाही. परीक्षकांनी प्रबंध फेरलेखनासाठी परत केला. जवळचे पैसे संपत आल्यामुळे एप्रिल १९२३ मध्ये त्यांना मुंबईस परतावे लागले, आणि सुधारलेला प्रबंध मुंबईहून पाठवावा लागला. त्या वर्षाच्या अखेरीस तो स्वीकारला गेला. इकडे मुंबईत रमाबाईंनी पैशाच्या सततच्या ओढाताणीत संसार सांभाळला होता. त्यांचे नाव कोणत्याही पदवीपत्रावर नाही, तथापि या अध्ययनाच्या खर्चाचा मोठा वाटा त्यांनीच उचलला, असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होईल.

यातून घ्यावयाचा बोध

या इतिहासातून चार गोष्टी निघतात.

पहिली गोष्ट म्हणजे समतोल हा रोजच्या घड्याळात साधतोच असे नाही. तो वर्षांच्या हिशेबात साधावा लागतो. डॉ. आंबेडकरांनी प्रत्येक दिवसाचे दोन समान भाग केले नाहीत. १९१३ ते १९१६ हा काळ त्यांनी अध्ययनाला दिला. १९१८ ते १९२० मध्ये लोककार्याला हात घातला. १९२० ते १९२३ मध्ये अध्ययन मुख्य व राजकारण गौण ठेवले, आणि १९२४ च्या बहिष्कृत हितकारिणी सभेपासून पुढे सर्व शक्ती लोककार्यात ओतली. ज्या वर्षी जे मुख्य, त्या वर्षी ते मुख्य.

दुसरी गोष्ट अशी की, अभ्यासाचा विषय आणि कार्याचा विषय यांत नाते असेल तर दोहोंतील ओढाताण कमी होते. प्रांतिक वित्तव्यवस्थेवरील त्यांचा कोलंबियाचा प्रबंध १९२५ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. तो त्यांनी सयाजीराव महाराजांना अर्पण केला. केंद्र व प्रांत यांच्यात महसुलाची वाटणी कशी व्हावी हा त्याचा विषय होता, आणि संविधान घडविताना हाच प्रश्न देशापुढे उभा होता. चलनावरील प्रबंधामुळे १९२५ मध्ये चलनविषयक राजकीय आयोगापुढे साक्ष देण्यास ते अधिकारी पुरुष ठरले. ग्रंथालयातील तास वाया गेले नव्हते, ते व्याजासह परत आले.

तिसरी गोष्ट म्हणजे काम वाटून देण्याची तयारी. जे काम आपण सोडतो त्याचे काही नुकसान होणार, हे गृहीत धरूनच ते सोडावे लागते. ‘मूकनायक’ बंद पडला. परंतु १९२७ मध्ये ‘बहिष्कृत भारत’ निघाला, तेव्हा त्याचा संपादक बॅरिस्टर होता, अर्थशास्त्राचा पंडित होता आणि दुसऱ्या कोणाच्या अनुदानावर सर्वस्वी अवलंबून नव्हता.

चौथी गोष्ट कागदपत्रांची. शिष्यवृत्तीची मुदत, सेवेची अट, पुन्हा येण्याची मुभा हे सारे तपशील त्यांनी वेळोवेळी पाहिले आणि ज्या मर्यादेत राहावयाचे ती ओळखून पावले टाकली.

आजची परिस्थिती

आज परदेशात राजकीय उमेदवारी ही बऱ्याच ठिकाणी शिक्षणक्रमाचाच भाग झालेली आहे. वॉशिंग्टन येथील अमेरिकन विद्यापीठाने १९४७ मध्ये ‘वॉशिंग्टन सत्र’ नावाचा उपक्रम सुरू केला आणि राजधानीतील शासनव्यवहार प्रत्यक्ष पाहत शिकण्याची सोय केली. लंडन व ब्रुसेल्स येथेही आठवड्याचे काही दिवस वर्ग व काही दिवस संसद सदस्याच्या किंवा संस्थेच्या कार्यालयात काम, अशा योजना काही विद्यापीठे चालवितात. अशा उमेदवारीला श्रेयांक मिळत असतील तर ती अभ्यासाच्या बाहेरचा बोजा राहत नाही. म्हणून विद्यार्थ्याने पहिली चौकशी हीच करावी की, या कामाची नोंद माझ्या गुणपत्रकात होईल काय.

दुसरी चौकशी कायद्याची. विद्यार्थी व्हिसावर असताना काम करण्यास मर्यादा असतात. ब्रिटनमध्ये पदवी स्तरावरील विद्यार्थ्याला सत्र चालू असताना सामान्यतः आठवड्याला २० तासांपर्यंतच काम करता येते. अमेरिकेत विद्यापीठाच्या आवारातील कामालाही सत्रकाळात २० तासांची मर्यादा आहे, आणि आवाराबाहेरील कामासाठी स्वतंत्र अनुमती लागते. ही अनुमती सामान्यतः पहिले शैक्षणिक वर्ष पुरे झाल्याशिवाय मिळत नाही. हे नियम अधूनमधून बदलतात, तेव्हा विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयाकडून लेखी खातरजमा करून घ्यावी. ‘पगार नाही, मग कसली परवानगी?’ असे समजून अनेक जण फसतात. विनावेतन कामालाही काही वेळा हेच नियम लागू होतात.

तिसरी चौकशी राजकीय हक्कांची. या बाबतीत देशोदेशी मोठा फरक आहे. ब्रिटनमध्ये वास्तव्य करणारा भारतीय नागरिक राष्ट्रकुलाचा नागरिक म्हणून तेथील मतदार यादीत नाव नोंदवू शकतो व संसदेच्या निवडणुकीत मतदान करू शकतो. विद्यार्थ्यालाही हा हक्क आहे, ही गोष्ट फारच थोड्यांना माहीत असते. अमेरिकेत मात्र परदेशी नागरिकाला मताधिकार नाही. तेथील निवडणुकीत त्याने वर्गणी देणे कायद्याने निषिद्ध आहे आणि प्रचाराच्या निर्णयप्रक्रियेतही त्याला भाग घेता येत नाही. मोबदला न घेता स्वयंसेवक म्हणून मदत करण्यास तेवढी मोकळीक आहे. एकाच गावातील दोन मुले या दोन देशांत गेली, तर एकाला जे करता येते ते दुसऱ्याने केल्यास गुन्हा ठरू शकतो.

चौथी चौकशी शिष्यवृत्तीच्या कराराची. केंद्र शासनाची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती योजना १९५४-५५ मध्ये सुरू झाली. भंडाऱ्याची पोटनिवडणूक झाली तोच हा काळ. महाराष्ट्र शासनाची अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी असलेली परदेश शिष्यवृत्ती राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने दिली जाते, हेही औचित्यपूर्णच आहे. अशा योजनांचा पैसा ठराविक मुदतीत ठराविक अभ्यासक्रम पुरा करण्यासाठी असतो. उमेदवारीच्या नादात एखादे सत्र वाढले, तर त्याचा खर्च कोण देणार हे आधीच ठरलेले असावे. अन्यथा तो बोजा शेवटी शेतावर कर्ज काढणाऱ्या बापाच्या खांद्यावर येतो.

शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी काय करावे

भंडारा जिल्ह्याच्या सात तालुक्यांतून परदेशी जाणाऱ्या विद्यार्थ्यांची संख्या मर्यादित असेल. पण जो जाईल त्याची तयारी येथेच व्हावी लागते. राजकीय उमेदवारीचा पहिला धडा लंडनमध्ये गिरविण्याचे कारण नाही. महाराष्ट्रात १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि १९९३ मध्ये अमलात आलेल्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने पंचायत राज्याला संविधानाचे अधिष्ठान मिळाले. ज्या मुलीने आपल्या गावच्या ग्रामसभेचे इतिवृत्त वाचले आहे, ग्रामपंचायतीचा अर्थसंकल्प कसा मांडतात हे पाहिले आहे, धानाच्या खरेदी केंद्रावरील तक्रार कोणाकडे व कोणत्या अर्जाने जाते हे जिला ठाऊक आहे, ती परदेशी संसद सदस्याच्या कार्यालयात मतदारांची पत्रे वाचताना गोंधळणार नाही.

याकरिता शिक्षकांना तीन गोष्टी सहज करता येतील. वरच्या वर्गातील मुलांना वर्षातून निदान एकदा ग्रामसभेस उपस्थित ठेवून तिचा वृत्तान्त लिहावयास लावणे, ही पहिली. आपला आठवडा तासांत मांडण्याची सवय लावणे, ही दुसरी. ‘नाही’ म्हणण्याची भाषा शिकविणे, ही तिसरी आणि कदाचित सर्वांत अवघड. मोठ्या माणसाने बोलाविले असता नम्रपणे, कारण सांगून नकार देणे आपल्या मुलांना जड जाते. लाला लजपतरायांसारख्या थोर पुरुषाला विद्यार्थिदशेतील आंबेडकरांनी जो नकार दिला, तो या दृष्टीने वर्गात सांगण्यासारखा आहे.

पंचायत सदस्यांचेही एक कर्तव्य आहे. गावातील मूल परदेशी गेले की गाव त्याच्याकडून लगेच अपेक्षा करू लागते. सुटीत आले की सत्कार, सभेत भाषण, निवडणुकीत प्रचार. यातील आपुलकी समजण्यासारखी आहे. तथापि अभ्यास संपेपर्यंत त्याला मोकळे सोडणे, हीसुद्धा गावाने केलेली मदतच होय. ज्या कुटुंबाचे मूल बाहेर आहे त्याच्या घरची वास्तपुस्त गावाने केली, शेतीच्या कामात, दवाखान्यात हात दिला, तर दूरच्या ग्रंथालयात बसलेल्या विद्यार्थ्याच्या मनावरचा भार हलका होतो. रमाबाईंना जी ओढाताण सोसावी लागली ती पुढच्या कोणा माउलीच्या वाट्याला येऊ नये, एवढी काळजी पंचायतीला घेता येण्याजोगी आहे.

उपसंहार

१९५४ च्या त्या पोटनिवडणुकीची एक आठवण सांगितली जाते. प्रत्येक मतदाराला दोन मते असल्यामुळे, आपल्या लोकांनी दुसरे मत कोणालाच न देता वाया घालवावे म्हणजे राखीव जागेवरील विजय सोपा होईल, असा सल्ला काही कार्यकर्त्यांनी दिला. डॉ. आंबेडकरांना तो रुचला नाही. मत वाया घालवा असे मतदाराला सांगणे त्यांनी पसंत केले नाही. ते हरले.

त्यानंतर दोन वर्षांनी, ६ डिसेंबर १९५६ रोजी, त्यांचे महानिर्वाण झाले. निवडणुकीच्या हिशेबात भंडारा त्यांच्या पराभवाचे ठिकाण म्हणून नोंदले गेले आहे. परंतु उमेदवारीचा दुसरा अर्थ ध्यानात घेतला, तर आयुष्यभर नेटाने अभ्यास केलेल्या माणसाचा राजकीय आचार कसा असतो हे या जिल्ह्याने जवळून पाहिले. न्यूयॉर्क आणि लंडनच्या ग्रंथालयांत घालविलेली वर्षे त्या आचाराच्या मुळाशी होती. आज भंडाऱ्याहून निघणाऱ्या विद्यार्थ्याला शासनाची शिष्यवृत्ती, ग्रामसभेचा अनुभव आणि परदेशी संसदेच्या दालनातील उमेदवारी या तिन्ही गोष्टी उपलब्ध होऊ शकतात. त्यांचा क्रम कोणता लावावयाचा, हे मात्र त्याने निघण्यापूर्वीच ठरविलेले बरे.